दुपारी सव्वादोनचे परग्रहवासी

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यातून एकदा घेतलं, तेही पदर तोंडात धरून, अन् त्यावर बायका इतक्या खिदळल्या की तेव्हापासून त्या वाटेला गेलेच नाही. त्यामुळं इथंही ते सापडणार नाही. बाजारातली माणसं त्यांना आप्पा म्हणतात, मी अहो म्हणते, अन् लई राग आला तर भिंतीकडं तोंड करून बोलते. यातलं जे सोयीचं वाटेल ते तुम्ही धरा.

नेकनूरला आमचं भांड्याचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, वर स्लॅब. मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी ना स्वैपाकाचं विचारलं ना शिवणकामाचं. खिशातून बिलाचा कोरा कागद काढला, पेन दिला अन् म्हणाले, लिही पोरी, मामाकडून सप्रेम भेट. मी लिहिलं. त्यांनी तो कागद डोळ्याजवळ नेला, लांब धरला, शेजारच्या पाहुण्याला दाखवला अन् तिथंच पसंती देऊन टाकली. मला वाटलं, काय कदर आहे शिक्षणाची! लग्न होऊन आल्यावर कळलं की दुकानात नाव टाकणारा माणूस काम सोडून गेलता. हळद उतरायच्या आत माझ्या हातात मशीन आलं.

नाव टाकणं म्हणजे काय ते सांगते. लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर देणाऱ्याचं नाव पाहिजे. नाव नसलेलं भांडं दिलं काय अन् न दिलं काय, सारखंच. तर एका पत्र्यावर भांडं ठेवायचं, अन् वायर लावलेली पेनासारखी दांडी धरून लिहायचं. टोक भांड्याला लागलं की बारीक ठिणगी उडते, खर्रर्र आवाज होतो अन् अक्षर उमटतं. टोक उचललं की गप्प. लग्नसराईत मी दिवसाला दोन-दोनशे भांड्यांवर सप्रेम भेट लिहिलेलं आहे. एवढ्या प्रेमाचा एक कण जरी घरात वळला असता तरी संसार गोडीत झाला असता, असं मी ह्यांना म्हणायची. हे हसायचे अन् रद्दी वाचायचे.

रद्दी म्हणजे भांडी गुंडाळायची रद्दी. हे बीडच्या कॉलेजात सायन्सला होते, एकच वर्ष. सासऱ्यांना लकव्याचा पहिला झटका आला तशी पुस्तकं ठेवून तराजू धरावा लागला. त्याबद्दल हे कधी बोलले नाहीत, पण रद्दीत आकाशाबद्दल काही छापलेलं दिसलं की ह्यांचा हात थांबायचा. गिऱ्हाईक समोर उभं, तांब्या अर्धा गुंडाळलेला, अन् हे वाचतायत की कुठल्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला, तिथं कोणी राहत असेल का. एकदा असा लेख निम्म्यावर तुटला. उरलेला तुकडा सकाळीच लिंबागणेशच्या एका बाईंच्या पातेल्याला गुंडाळून गेलता. हे दुसऱ्या दिवशी एसटीनं लिंबागणेशला गेले. गणपतीचं दर्शन घेतलं, मग त्या बाईंचं घर शोधलं अन् कागद मागितला. बाईंनी तो चुलीत घातला होता. पातेल्यातच काही खोट निघाली असं समजून ती बिचारी पातेलं परत करायला निघाली. ह्यांचं समाधान होईना अन् तिचा संशय जाईना.

आता ज्याला ताऱ्यांचं एवढं वेड त्यानं रात्री जागावं की नाही? आमच्या ह्यांना नऊला झोप. साडेनऊला उठवलं तर स्वतःच्या घरचा पत्ता सांगता येणार नाही. पण त्यावरही ह्यांच्याकडं उत्तर होतं. परग्रहावरची माणसं बोलायचीच झाली तर रेडिओसारख्या लहरींवर बोलतील, अन् त्या लहरींना दिवस काय, रात्र काय. म्हणजे दुपारी जेवून, दुकानात शुकशुकाट असताना, आरामात बसून ऐकता येईल. आकाशसुद्धा ह्यांनी दुकानाच्या वेळेत बसवलं होतं.

तेव्हा केबल नवीनच आलं होतं. गल्लोगल्ली वायरी, घरोघरी रंगीत टीव्ही, अन् आमच्या दुकानात बाया पितळेकडं बघायच्या सोडून नॉनस्टिक मागायला लागलेल्या. बीडच्या एका केबलवाल्याची मोठी छत्री, म्हणजे डिश अँटेना, वादळात वाकली, त्यानं नवी घेतली. जुनी पडून होती. आमच्या धंद्यात मोड घेतात, म्हणजे जुनं भांडं काट्यावर टाकायचं अन् त्याच्या बदल्यात नवं न्यायचं. ह्यांनी त्या केबलवाल्याची छत्री मोडीत घेतली. आख्खी छत्री काट्यावर बसेना म्हणून तिचे भाग सुटे करून वजन केलं, त्याला स्टीलची टाकी अन् डिनर सेट दिला, अन् ते भाग टेम्पोत घालून घरी आणले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी म्हटलं, हे ठेवायचं कुठं? ह्यांनी वर बोट दाखवलं.

स्लॅबवर छत्री उभी राहिली तशी गल्लीला वाटलं आप्पानं केबल काढलं. शेजारचा कापडवाला सगळ्यात आधी आला. त्याला क्रिकेटचं कनेक्शन पाहिजे होतं. ह्यांनी त्याला खाली बसवून आकाशगंगा समजावून सांगितली, तासभर. तो शांतपणे ऐकून घेऊन जाताना मला म्हणाला, वहिनी, डॉक्टरला दाखवलं का? त्या दिवसापासून बाजारात ह्यांची टर उडायला लागली ती लागलीच. कोणाची म्हैस सुटून गेली तरी लोक म्हणायचे, आप्पाला विचारा, वरून दिसतंय का.

टीव्ही दुरुस्तीवाल्यानं छत्रीला एक जुना डबा जोडून दिला अन् डब्याला कानाला लावायचं यंत्र. त्यातून नुसतीच खरखर यायची. पहिला महिना ह्यांनी ती खरखर भक्तिभावानं ऐकली. मग ह्यांच्या ध्यानात आलं की घरातल्या विजेच्या वस्तूंचीही खरखर त्यात मिसळते. झालं. दुपारी दोन ते चार पंखा बंद. ट्यूबलाइट बंद. मिक्सर तर बंदच बंद. चटणी पाहिजे असली तर पाट्यावर वाटा, नाहीतर परग्रहवासी जाईपर्यंत थांबा. कापडवाल्याच्या शिंप्यालासुद्धा ह्यांनी हात जोडून विनंती केली की दोन तास मोटारीचं मशीन चालवू नको, अन् तो भला माणूस तेवढा वेळ पायानं चालवायचा.

फक्त माझं नाव टाकायचं मशीन बंद केलं नाही. त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आमच्यात काम हीच पूजा मानतात. चालत्या कामाला हात लावायचा नाही, हातात काम धरलेल्या माणसाला उठवायचं नाही, मग तो घरचा असो की दारचा. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हासुद्धा काम चालू असलं की पाणी मागायचे नाहीत. पंखा ही चैन, मिक्सर ही चैन, शिंप्याचं मशीन दुसऱ्याचं. माझी दांडी म्हणजे दुकानाची पूजा. तीही विजेवर चालणारी वस्तू आहे हे ह्यांना कधी दिसलंच नाही.

अन् तुळशीची लग्नं झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली आले. चेहरा लाल, कानाला यंत्र तसंच, वायर मागं लोंबतेय. मी दांडी बाजूला ठेवली. हे म्हणाले, कोणीतरी आहे. नुसती खरखर नाही, तुकडे आहेत. लांब, आखूड, आखूड, मध्ये गप्प, पुन्हा लांब. यंत्राचं असतं तर सरळ चाललं असतं. हे थांबतंय, विचार करतंय, मग पुढं जातंय. मी म्हटलं, तोंड पुसा अन् चहा घ्या. चहा घेऊन हे पुन्हा वर गेले, मी पुन्हा दांडी हातात घेतली, अन् वरून टाळी वाजल्याचा आवाज आला. मला वाटलं, डास असेल.

सव्वा वर्ष हे असं चाललं. दुकानाच्या एका जुन्या वहीत हे सगळं उतरवून घ्यायचे, लांबला रेघ, आखूडला टिंब. अभ्यासही जोरात होता. ह्यांचं म्हणणं, त्यांचं बोलणं माघ-फाल्गुनात भरपूर असतं, वैशाखात तर ऊत येतो, पौषात एकदम थंड पडतं अन् आषाढी एकादशीपासून चार महिने जवळपास बंदच. का? तर त्यांचा ग्रह तेवढे दिवस सूर्याच्या आड जातो. मी म्हटलं, म्हणजे तिथंही चातुर्मास पाळतात म्हणा की. ह्यांनी ते गंभीरपणे घेतलं. पंचांग न बघता लग्नसराईचे मुहूर्त सांगणारा हा माणूस, अन् ह्याच्या ध्यानात येऊ नये! माझ्याही आलं नाही, ते सोडा.

मग ह्यांच्या मनानं घेतलं की हे जाणकार माणसाला दाखवायचं. कोणाला? तर बीडच्या त्याच कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना. एसटीडीच्या बूथवरून तीनदा फोन केले, मग स्वतः बीडला जाऊन भेटून आले. सर तरुण होते, नवे होते, म्हणाले, येतो. बाजारच्या दिवसानंतर दोन दिवसांनी, दुपारी दोनला. त्या रात्री जेवताना ह्यांनी मला सांगितलं की सर ज्या वर्गात बोलले तो ह्यांचाच. खिडकीजवळचा तिसरा बाक ह्यांचा होता, तो अजून तसाच आहे. एवढंच बोलले अन् ताक मागितलं. तेव्हा मला कळलं की ह्यांची राहून गेलेली परीक्षा आता आमच्या स्लॅबवर होणार आहे. बाजारालाही कळलं होतंच. कापडवाल्यानं तर सांगून ठेवलं की त्या दिवशी तो दुकान बंद ठेवून येणार. कावून, असं विचारलं तर म्हणाला, हसायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे वसुलीला गेलते. गुंडाळायला रद्दी संपली होती, म्हणजे होती, पण सगळी ह्यांनी वाचायला राखून ठेवलेली. कागद शोधता शोधता ती वही हाती आली. पानं चाळली. माघातल्या एका पानावर तारखा होत्या अन् प्रत्येक तारखेपुढं एकच शब्द. शांतता. शांतता. शांतता. असे पंधरा दिवस. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, आज पंधरावा दिवस, शांतता, करमत नाही. अन् त्याखाली लाल शाईनं, आज दुपारी सव्वादोनला पुन्हा आले.

ते पंधरा दिवस मी माहेरी होते. भावाच्या घराची वास्तुशांत होती.

आधी मला आला राग. पंधरा दिवसांत ह्या माणसानं मला दोन ओळींचं कार्ड टाकलं नव्हतं. मी एसटीतून उतरले तर म्हणाले, आलीस, बरं झालं, पन्नास तांबे राहिलेत. अन् इकडं वहीला सांगतायत की करमत नाही! मी ती वही आपटणारच होते. मग सव्वादोन ह्या आकड्यावर डोळा गेला. सकाळी उतरले, जेवले, अन् सव्वादोनला त्या पन्नास तांब्यांना बसले. मी खालीच बसले तशी. मागची पानं उलटली. तुळशीची लग्नं, पौष, वैशाख, चातुर्मास. एका नमुन्याला ह्यांनी पानोपानी लाल चौकट केली होती अन् समासात लिहिलं होतं, हा सारखा येतो, बहुधा त्यांचा नमस्कार. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, प्रत्येक शब्दाच्या शेवटी ते एक लांब श्वास घेतात. मी बोटानं हवेत लिहून बघितलं. लांब श्वास म्हणजे माझी शिरोरेघ. मी शब्द पुरा करते अन् मग वरून एक रेघ ओढते. अन् तो नमस्कार म्हणजे सप्रेम भेट.

तरी खात्री करायची म्हणून त्या दुपारी हे वर गेल्यावर मी एका मोडीतल्या परातीवर नुसती एक रेघ ओढली. वर पावलं वाजली. मी थांबले, पावलं थांबली. मी तीन टिंबं दिली, वर तीन उड्या. एवढ्या वर्षांत माझ्या सांगण्यावरून हा माणूस जागचा हलला नव्हता. मला हसू फुटलं, तोंडावर पदर धरून हसले, अन् हसता हसता आठवलं. परवा दोनला सर येणार.

काय करावं? मी नाव टाकायला बसले तर आवाज येणार, अन् सर शिकलेला माणूस, पाच मिनिटांत वायरीमागून वायर धरत माझ्यापाशी पोचणार, मागं सगळा बाजार. नाही बसले तर शांतता, अन् आप्पानं थाप मारली असं होणार. दोन्हीकडून हसं. हसण्याचं मला एवढं नव्हतं. मीच त्यांना कमी का हसले होते? पण बाजारादेखत असं झालं तर हे पुन्हा वर जाणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. कॉलेज सुटल्यावर ह्यांनी पुस्तकं जशी बांधून माळ्यावर टाकली तशी ती छत्री उतरवून मोडीत घालतील अन् उरलेला जन्म मुकाट्यानं तांबे विकतील. मला तो मुका माणूस नको होता. सव्वा वर्ष पंख्यावाचून काढलं ते काय ह्यासाठी?

दोनदा सांगायला गेले. एकदा हे छत्रीची जाळी चिंचेनं घासत होते, तांबा-पितळ घासतात तशी. दुसऱ्यांदा सरांना बसायला कोणती खुर्ची न्यायची ते ठरवत होते. इतकी वर्षं ह्या जिभेनं ह्यांना सोलून काढलं, अन् खरंच बोलायचं आलं तर जीभ उचलेना.

शेवटी सर यायच्या आदल्या दुपारी ती परात समोर घेतली अन् लिहिलं, खाली या. वर धावपळ ऐकू आली. पुन्हा लिहिलं, खाली या. तिसऱ्यांदाही लिहिलं. हे कसले येतात! मग परात कमरेवर घेतली अन् मीच वर गेले. हे वहीवर वाकलेले. मला बघून म्हणाले, "अगं, आज नवीन आलंय, तीनदा सारखंच!" मी परात पुढं धरली. हे तिच्याकडं बघत राहिले, मग वहीकडं, मग पुन्हा परातीकडं. बोट फिरवलं एकेका अक्षरावरून. शिरोरेघेवर बोट थांबलं.

"म्हंजे तू?"

"मी. दुसरं कोण येणार सव्वादोनला?"

ह्यांनी कानाचं यंत्र काढून वहीवर ठेवलं. मी म्हटलं, सरांना फोन करून येऊ नका सांगू, तुमी आजारी पडले म्हणू. हे कान खाजवत म्हणाले, "सव्वा वर्ष झालं, मी मिक्सर बंद करून बसतोय."

संध्याकाळी भाकरी अर्धी ठेवली. मी समोर बसून होते. मग हे उठले अन् माझी ऑर्डरची वही मागितली, जिच्यात कोणत्या दिवशी कोणत्या भांड्यावर काय लिहायचं ते लिहिलेलं असतं. ती एका मांडीवर, स्वतःची दुसऱ्या मांडीवर. मला वाटलं, खात्री करून घेतायत. डोळ्यांत पाणी येईल, येऊ दे. नऊ वाजले तरी हे झोपले नाहीत. हे असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून मी घाबरून दोनदा कपाळाला हात लावून बघितला. सकाळीही आंघोळ, पूजा झाली की पुन्हा त्या दोन वह्या.

सर दोनला आले. पाठीमागं कापडवाला, शिंपी, टीव्ही दुरुस्तीवाला अन् आणखी सात-आठ जण. सगळे वर. मला ह्यांनी जिन्यातून एवढंच सांगितलं की तू तुझं काम कर. काम होतंच, लिंबागणेशच्या एका लग्नाचे तांबे. मी पहिला तांब्या पत्र्यावर ठेवला. वरचं सगळं जिन्यातून ऐकू येत होतं. टीव्हीवाल्यानं डब्याला मोठा कर्णा जोडला होता. ह्यांनी सरांना खुर्ची दिली अन् स्वच्छ आवाजात सांगितलं, परग्रहावरचं काही न्हाई सर, माझी चूक झाली, हे माझ्या बायकोचं अक्षर आहे. माफी असावी.

कोणीतरी फिस्सकन हसलं. कापडवाला म्हणाला, काखेत कळसा अन् गावाला वळसा, आप्पा, अन् कळसाही तुमच्याच दुकानातला! मग सगळेच हसले. मी खाली मान घालून बसले होते. हसणं संपेपर्यंत हे थांबले. मग म्हणाले, आता ऐका. अन् खाली हाक आली, "टाक गं."

मी टाकलं. वर कर्णा खरखरला, अन् त्यामागोमाग ह्यांचा आवाज. हे चिरंजीव. आता शिरोरेघ. हे काहीतरी नाव आहे, लहान आहे. आता मामाकडून. आता सप्रेम. अन् ही भेट. सर धडाधडा जिना उतरून आले, तांब्या उचलून वाचला, माझ्याकडं बघितलं अन् पुन्हा वर पळाले. दुसरा तांब्या, तेच. तिसऱ्यावर नेकनूरकर मंडळी असं होतं, हे म्हणाले, नेकनूरकर, मंडळी. वर आता कोणी हसत नव्हतं. सर विचारत होते की न बघता हे कसं जमतं. हे म्हणाले, सव्वा वर्ष ऐकतोय, फक्त अर्थ लागत नव्हता, तो काल लागला.

कापडवाल्याला ते सहन झालं नाही. तो हळूच खाली आला. म्हणाला, वहिनी, पाठ केलंय आप्पानं, ऑर्डरची वही बघून. वहीत नसलेलं काहीतरी टाका. मी म्हटलं, काय टाकू? त्याच्या डोळ्यांत खट्याळपणा आला. अख्ख्या बाजाराला माहीत होतं मी काय घेत नाही ते. म्हणाला, आप्पाचं नाव टाका बघू.

माझा हात थांबला. हजारो लोकांची नावं मी लिहिली, मेलेल्यांचीसुद्धा लिहिली, स्मरणार्थ म्हणून. हे एक नाव त्या दांडीतून कधी उतरलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव, त्यामुळं कधी वेळच आली नव्हती. मी मोडीतली परात ओढली, खाली या असं तीनदा लिहिलेली. त्याच्याखाली लिहिलं. सावकाश लिहिलं. शिरोरेघ जरा जास्तच लांब झाली.

वर कर्णा बोलला अन् थांबला. ह्यांचा आवाज येईना. सरांनी विचारलं, काय आहे हे? तरी गप्प. कापडवाला खुशीत येऊन मला बोटानं खूण करत होता, अडकला, अडकला. मग वरून ह्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"हे आजवर आलं न्हाई. हे पहिल्यांदाच आलंय."

मग हे खाली आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच परात दिसली. तिथंच उभे राहिले, कानाच्या पाळ्या लाल. कापडवाल्यानं तोंड उघडलं होतं, ते मिटून तो चपला शोधायला लागला. सर मागून उतरले, त्यांनी परात वाचली की नाही मला माहीत नाही, मला त्यांच्याकडं बघवलं नाही. ते म्हणाले, ताई, चहा मिळेल का? मी सुटले अन् आत पळाले.

रात्री वही उघडून बघितली. लाल शाईनं लिहिलं होतं, तीन वाजून दहा मिनिटं, नवीन, एकदाच आलं, पुन्हा ऐकण्याची वाट बघावी.

बाजारानं पुढं वर्षभर चिडवलं. कोणी भांडं घ्यायला आलं तर विचारायचं, आप्पा, परग्रहावरून माल कधी येणार. हे छत्री उतरवतील असं सगळ्यांना वाटलं होतं. हे दुसऱ्याच दिवशी दोनला वर गेले. मी म्हटलं, आता कावून? तर म्हणाले, ते सापडायचे राहिलेतच की, एवढं मोठं आकाश आहे. पण मिक्सर लावायला हरकत न्हाई म्हणाले. पंखाही सुरू झाला.

मी अजूनही नाव घेत नाही. पण दुपारच्या ऑर्डरी संपल्या अन् दुकानात कोणी नसलं की परात पुढं ओढते अन् एकदा टाकते. वर पावलं वाजत नाहीत आता, नुसतं खोकल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. परात आता त्या एका नावानं काठापर्यंत भरलीय. दुकानात साठलेली मोड उचलायला येणाऱ्या व्यापाऱ्याला मी सांगून ठेवलंय, ही सोडून काहीही ने.